थेंब न गळणारी गाडी

आरंभी एक गोष्ट नमूद करतो. हे लिहिताना माझ्या मनात कोणाविषयी आकस नाही. संताप आहे, आणि तो इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही. परंतु आकस आणि संताप या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि पालघरच्या कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याला तरी हा भेद कोणी शिकवू नये. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. तरीही माझ्या हातचा अर्ज साहेबलोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. स्वतःविषयी एवढेच पुरे, कारण हे प्रकरण माझ्या वडिलांचे आहे.

गेल्या थंडीत एका अर्जदाराच्या जमिनीच्या कामासाठी मी एडवणला गेलो होतो. तेथे किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांखाली एक अवाढव्य गाडी उभी होती. एसटीहून लांब, आत पलंग, शेगडी, नहाणीघर, बाहेर ओढून घेण्याचे कापडी छप्पर. थोडक्यात, चाकांवरचे घर. मुंबईहून आलेले तिचे मालक पायरीवर बसून चहा घेत होते. मी ट्रकवाल्याचा मुलगा. कोणतीही मोठी गाडी दिसली की माझ्या तोंडून एकच प्रश्न निघतो. "साहेब, ॲव्हरेज काय देते?" ते खळखळून हसले. "काका, ते नका विचारू. हत्तीण आहे ही, नुसतं डिझेल पिते!" आणि मग त्यांनी आकडा सांगितला. माझी कानशिले तापली. आकडा वाईट होता म्हणून नव्हे, तर तो सांगताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर कौतुक होते म्हणून. धनवंताची गाडी डिझेल प्याली तर तो तिचा थाट. आणि पगारी ड्रायव्हरच्या हाताखालची गाडी डिझेल प्याली तर ड्रायव्हर चोर. हा न्याय कोणत्या पुस्तकात लिहिला आहे, ते मला अजून कोणी दाखवलेले नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, माणदेशातून ट्रक चालवत बोईसरला आले आणि कारखान्यांच्या गर्दीत जागा न मिळाल्याने तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका कोळी वस्तीत खोली घेऊन राहिले. वस्तीचे नाव मी लिहीत नाही. तेथील लोक अजून हयात आहेत आणि मला त्यांच्याकडे सुक्या बोंबलांसाठी जावे लागते. आम्ही तेथे एकटेच घाटावरचे. आईला बायका 'घाटीण' म्हणत, पण ते प्रेमाने. आमच्या खोलीची मालकीण, जमनाबाय, हिने आईला बोंबील साफ करायला आणि वलांडीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबूंच्या मांडणीवर, तोंडात तोंड अडकवून वाळत घालायला शिकवले. आईने तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवले. जमनाबायची भाकरी कधी फुगली नाही आणि आईच्या बोंबलाच्या कालवणाचा नेहमी चोथा झाला. तरी दोघी एकमेकींची वाटी परत करताना ती कधी रिकामी पाठवीत नसत. आमच्या घरात एकाच वेळी डिझेलचा, ठेच्याचा आणि वाळत्या मासळीचा वास असे, आणि आजही बसस्टँडवर हे तीन वास एकत्र आले की मी नकळत चप्पल काढू लागतो.

आबा अनवाणी गाडी चालवीत. तळपायाला पेडलची धडधड कळली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. "गाडी कानानं हाकायची. पाय निस्ता कानाचं ऐकतो," असे ते म्हणत. गियर कधी टाकायचा, उतारावर किती सोडायची, पुढच्या बैलगाडीमागे ब्रेक न मारता कसे सरकत राहायचे, हे सारे एका थेंबाच्या हिशेबाने चाले. इतर घरांत मुलांचे गुण विचारले जातात तसे आमच्या घरी जेवताना ॲव्हरेज विचारले जाई. आबा फेरीचा आकडा सांगत आणि आई मान डोलावून आणखी एक भाकरी वाढी. हा नाद तिलाही लागला होता. स्टोव्हभर रॉकेलमध्ये किती भाकऱ्या झाल्या हे ती शेजारणींना अभिमानाने सांगे, आणि एखाद्या दिवशी वारा लागून ज्योत फडफडली की म्हणे, "आज माझं ॲव्हरेज पडलं बाई." मी शाळा सोडली तेव्हा आबांनी मला मारले नाही, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी हातात फडके दिले आणि क्लीनर म्हणून शेजारी बसवले. जे काही पुढे घडले त्याचा मी त्या जागेवरून साक्षीदार आहे.

गाडीचे मालक हिराजी नाखवा, जमनाबायचे यजमान. त्यांच्या बोटी होत्या. मुंबईच्या बाजारात मासळी व्यापाऱ्यांच्या गाडीतून जाण्याऐवजी आपल्या गाडीतून गेली पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि एक जुना ट्रक घेतला. त्याचा सांगाडा आणि केबिन ठीक होती, मागचा हौदा मात्र सडलेला. ट्रकचे हौदे बांधणारे कारागीर हायवेला पैशाला पासरी मिळत. पण नाखवांनी छाती पुढे काढून सांगितले, "आमची बोट बांधतो तोच आमची गाडी बांधेल." आणि त्यांनी भिकू मिस्त्रीला बोलावले. भिकू मिस्त्रीने जन्मभर बोटींखेरीज काही बांधले नव्हते. त्याने किनाऱ्यावर मांडव घातला आणि त्या सांगाड्यावर बोटच बांधली. खाली सागाच्या जाड बरगड्या, त्यांवर बाहेरून फळ्या, फळ्यांच्या फटीत राळेत आणि तेलात बुडवलेला कापूस ठोकून ठोकून भरलेला. बरगड्यांच्या वर पाट्या ठेवायला आडव्या फळ्यांचा तळ, आणि पाट्यांच्या ओझ्याने हलू नये म्हणून तो खिळ्यांनी पक्का केलेला. वर केबिनच्या कपाळावर बोटीच्या नाळेसारखे पुढे आलेले निमुळते टोक, त्यावर देवीचे निशाण. सबंध वस्ती पाहायला लोटली. नारळ फुटला, हळदकुंकू लागले, गाडीचे नावही ठेवले गेले. नाखवांनी हौद्यात घागरीवर घागरी पाणी ओतून दाखवले आणि खाली वाकून ओरडले, "हाय का थेंब? बघा, हाय का एक तरी थेंब?" नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही राग येतो.

मासळीच्या गाड्या हायवेवर गळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बर्फ वितळतो, ते वासाचे पाणी रस्त्यावर सांडते, मागचे दुचाकीवाले शिव्या देतात, चौकीवर दंड होतो. आमच्या गाडीचा एक थेंबही रस्त्यावर पडत नसे. नाखवा ही गोष्ट भेटेल त्याला सांगत. बाजारात मागची फळी उघडून आम्ही हौदा धुतला की वरचे पाणी धो धो निघून जाई, आणि आम्ही समजत असू की झाले, गाडी स्वच्छ झाली.

आणि पहिल्या फेरीपासूनच ॲव्हरेज पडले. आबांना वाटले, नवे लाकूड, वजन जास्त, एखादी फेरी जाऊ द्या. पण ते पडतच राहिले. आबा जेवताना आकडा सांगेनासे झाले आणि आईही विचारेनाशी झाली. बोईसरच्या गॅरेजमध्ये फिल्टर बदलला, नोझल साफ केले, टायरची हवा तपासली. "ब्रेक दाबला का मागनं कुणीतरी ढकलल्यागत करती," आबा मेकॅनिकला सांगत. मेकॅनिक म्हणे, "चाचा, गाड़ी बूढ़ी है, आप भी बूढ़े हो गए." आबांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडू लागला. रिकाम्या गाडीने परततानाही ते कान टवकारून बसत आणि मला विचारत, "तुला काय ऐकू येतंय का रं?" मला कसलीशी गुळगुळ ऐकू येई. मी म्हणे, टाकीत डिझेल हलते आहे.

नाखवा टाकीत बांबूची काठी बुडवून डिझेल मोजत, बोटीच्या इंजिनाचे मोजतात तसे. प्रत्येक फेरीनंतर काठी अधिक कोरडी निघे. ते काठी झटकत आणि निघून जात. त्या दिवसांत मनोरच्या बाजूला ढाब्यांमागे डिझेलचे कॅन घेऊन बसलेली माणसे असत आणि ड्रायव्हर त्यांना टाकीतले डिझेल विकत, ही गोष्ट खोटी नाही. पण काही ड्रायव्हर विकतात म्हणून प्रत्येक ड्रायव्हर विकतो, हा निष्कर्ष काढायला वस्तीला एक पंधरवडाही लागला नाही. प्रथम जमनाबायची वाटी येणे थांबले. मग आई वलांडीवर गेली की बायका बोलता बोलता गप्प होऊ लागल्या. एकीने तर तोंडावर विचारले, "काय ग घाटीण, ढाब्यावरचं जेवण पचतं का तुला?" आई घरी आली, स्टोव्ह पेटवला आणि रडली नाही. तिने नुसता ठेचा वाटला, इतका वेळ वाटला की त्याचे पाणी झाले.

अखेर एके दुपारी, समुद्र खवळला असल्याने बोटी किनाऱ्याला होत्या, तेव्हा नाखवांनी आबांना देवळाच्या ओट्यावर बोलावले. वस्तीतली कर्ती माणसे बसली होती. भिकू मिस्त्री होता. बायका खांबांमागे उभ्या होत्या. मी आबांच्या मागोमाग गेलो. कोणी हाकलले नाही. नाखवा म्हणाले, "मारुती डायवर, आमी तुला घरचा समजलो. आता सरळ बोल, डिझेल कुठं जातं?"

"गाडी पिती, मालक."

"आमची गाडी पिते? भिकूनं बांधलेली गाडी पिते?"

"म्या ढाब्यावर गाडी थांबवली न्हाई. पोरगं हाय संगं, त्याला इचारा."

"पोरगा तुझाच ना!" कोणीतरी म्हणाले आणि ओट्यावर हशा पिकला. मी सतरा वर्षांचा होतो. त्या हशाने माझे रक्त उकळले, आणि ते उकळलेले रक्त आजपर्यंत पुरते निवलेले नाही.

नाखवांनी एक नारळ देवीच्या पायाशी ठेवला. "ठेव हात. बोल, मी डिझेल विकलं नाय. मग आमी तुला एक शब्द विचारणार नाय." वस्तीची ही रीत होती, आणि त्यांच्या दृष्टीने ती न्यायाची होती, शपथ घेऊन सुटलेल्या माणसाकडे तेथे पुन्हा कोणी वाकडे पाहत नसे. आबांनी हात ठेवला असता तर सारे तेथेच मिटले असते. आई खांबामागून डोळ्यांनी विनवीत होती. आबांनी नारळाकडे पाहिले. मग म्हणाले, "चोरानं घ्यायची शपथ म्या का घिऊ?" आणि खिशातून गाडीची चावी काढून नारळाशेजारी ठेवली.

ओट्यावर एकदम गलका झाला. शपथ नाकारली, म्हणजे गुन्हा कबूल, असा त्याचा अर्थ लावला गेला. खोली सोडा, आजच सोडा, असे आवाज उठले. जमनाबाय तोंडाला पदर लावून उभी होती. आणि त्या गलक्यात हिराजी नाखवा, ज्यांना आपली गाडी सर्वांहून प्रिय होती, हात उंचावून म्हणाले, "गाडीला नावं ठेवतो हा! अरे, अशी गाडी हाय का कोणाची? मुंबईपर्यंत जाते, एक थेंब गळत नाय रस्त्यावर, एक थेंब!"

मी कसा बोललो ते मला कळले नाही. विचार करून बोललो, असा दावा मी करणार नाही. मला फक्त त्यांचा आवाज खोडून काढायचा होता. मी ओरडलो, "मग एवढा बर्फ भरतो, त्याचं पाणी जातं कुठं?"

मी पुष्कळ अर्ज लिहिले आहेत, परंतु त्याहून परिणामकारक वाक्य माझ्या लेखणीतून पुन्हा उतरलेले नाही. सर्वांच्या माना हळूहळू भिकू मिस्त्रीकडे वळल्या. भिकू मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला होता. बोटीच्या तळाशी पाणी साचते. ते फळी उचलून डब्याने उपसतात. ही गोष्ट तेथील तान्ह्या पोरालाही ठाऊक. पण गाडीची फळी कोणी उचलायची? ती तर खिळ्यांनी ठोकलेली.

सगळे गाडीकडे धावले. पहारीने एक फळी उचकटली, आणि खाली बरगड्यांच्या मधोमध काळे, दाट, घाण मारणारे पाणी काठोकाठ उभे होते. बाजारात आम्ही धूत होतो ते वरचे. खालचे तसेच होते. पहिल्या फेरीपासून आबा ते घेऊन मुंबईला जात होते आणि घेऊन परत येत होते. भरलेल्या गाडीत पाणी, रिकाम्या गाडीत पाणी, प्रत्येक चढावर पाणी, आणि प्रत्येक ब्रेकला मागून ढकलणारे तेच पाणी. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या गाडीतून आतले पाणी बाहेर कसे जाईल, हे तिथे जमलेल्या एकाही दर्यावर्दी माणसाला सुचले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, चला, उलगडा झाला, प्रकरण मिटले. नाही. खरा अन्याय यापुढे आहे. बुडाला एक भोक पाडले की काम होणार होते. पण भिकू मिस्त्री हात जोडून मागे सरला. "बोटीच्या बुडाला भोक पाडायला मला सांगू नका. माझ्या हातून नाय होणार ते." कोणी म्हणाले, राहू दे तर, दर फेरीला उपसू. कोणी उपसायचे? क्लीनरने. म्हणजे मी! नारळ फोडून, नाव ठेवून तयार केलेल्या गाडीला इजा नको, असे सर्वांचे मत पडले. नाखवांनी ओट्यावरून चावी आणवली आणि आबांपुढे धरली. "घे, मारुती. झालं ते झालं."

आबांनी हात पुढे केला नाही. "आदी भोक. मंग चावी," ते म्हणाले. "आनि ते तुमी पाडायचं, मालक. दुसऱ्या कुणी न्हाई."

मी आबांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी मालकाला असे बोलताना ऐकले नाही. नाखवांनी इकडे तिकडे पाहिले. कोणी त्यांच्या मदतीला आले नाही. जमनाबायच पुढे झाली आणि भिकूच्या पेटीतले गिरमिट काढून नवऱ्याच्या हातात दिले. "पाडा," एवढेच ती म्हणाली. नाखवा गाडीखाली पाठीवर आडवे झाले. गिरमिट लावले, आणि फिरवण्याआधी त्यांनी डोळे मिटून, फळीवर तळहात ठेवून म्हटले, "माफ कर गो बाये. माफ कर." मग गिरमिट फिरू लागले, सागाचा भुसा त्यांच्या छातीवर पडला, आणि एकाएकी ते काळे पाणी भळभळा त्यांच्या तोंडावर, पांढऱ्या सदऱ्यावर कोसळले. वस्तीतली मांजरे कोठून कोठून धावत आली. लोक हसले. नाखवाही तोंड पुसत हसले. हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले, आणि माझ्या कानात मात्र एकच वाक्य घुमत होते. माफी मागितली गेली होती. गाडीची. जिने डिझेल गिळले तिची. ज्या माणसाला चोर ठरवले तो चार हातांवर अनवाणी उभा होता, आणि त्याला त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी किंवा आजतागायत कोणी एक शब्द म्हटलेला नाही. जमनाबायने संध्याकाळी वाटीभर कोळंबी पाठवली. आईने ती घेतली आणि वाटी परत पाठवली, रिकामी.

आजही माझ्या टेबलाशी ट्रेलरवाले येऊन बसतात. आता टाकीत काठी बुडवावी लागत नाही; गाडीत यंत्र असते आणि कोठल्यातरी थंड खोलीत बसलेला मुलगा पडद्यावर पाहून ॲव्हरेज ठरवतो. "बाबूजी, कंपनी के गेट की लाइन में गाड़ी घंटों चालू रखनी पड़ती है, वो कौन गिनेगा?" ड्रायव्हर विचारतात. कोणीही मोजत नाही. पगारातून कापतात आणि वर चोर म्हणतात. एडवणचे ते गृहस्थ मात्र मला निघता निघता समजावून सांगत होते, "काका, आत पाण्याची टाकी आहे ना मोठी. भरलेली असली की ॲव्हरेज पडणारच. पाण्याला वजन असतं." मी तेथेच वाळूत बसलो. त्यांना वाटले मला चक्कर आली. त्यांनी मला त्यांच्याच टाकीतले पाणी प्यायला दिले. केवढी सोपी गोष्ट, आणि किती सहज त्यांना ती माहीत होती, आणि ती कोणी त्यांना शपथेवर विचारली नव्हती.

आबांनी भोक पडल्यावर चावी घेतली आणि एकच फेरी केली. परत आल्यावर काठी स्वतः टाकीत बुडवली, ओली काठी नाखवांच्या हातात दिली, आणि चावी त्यांच्या दाराच्या खिळ्याला अडकवली. त्याच आठवड्यात आम्ही बोईसरला बिऱ्हाड हलवले. नाखवांनी अडवून पाहिले. गाडी तुझीच समज, असेही म्हणाले. आबा म्हणाले, "गाडी आता बरी हाय, मालक. कुनी बी चालवंल."

पण मला आठवते ती त्या शेवटच्या फेरीची जातानाची वेळ. गाडी बर्फाने आणि पापलेटाने भरलेली, ऊन अजून कलायचे होते. चिल्हारच्या पुढे हायवेला लागलो आणि आबांनी कान टवकारला. गुळगुळ नव्हती. गाडी हलकी, सरळ, त्यांच्या तळपायाचे ऐकणारी. तेवढ्यात एक स्कूटरवाला आमच्या मागून पुढे आला. त्याचा शर्ट, चष्मा, मिशा मासळीच्या पाण्याने भिजल्या होत्या. तो केबिनच्या बरोबरीने येऊन, मूठ उगारून, मी येथे लिहू शकत नाही अशी एक अस्सल, लांबलचक शिवी आबांना हासडून निघून गेला. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून त्याला उलट शिवी द्यायला निघालो होतो. आबांनी माझा दंड पकडून मला बसवले. कित्येक आठवड्यांनी ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"बस, बस," ते म्हणाले. "दिऊ दे त्याला. गाडी गळतीया, ऐकलंस न्हवं?"